ऊन पकडणं सोपं, पुढचा एक नॅनोसेकंद अवघड

प्रश्न आवडला, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. तुम्ही कृषी कॉलेजला आहात, घरी नाशिककडे द्राक्षबाग आहे, आणि तुमची अडचण अशी की पुस्तकात "क्लोरोफिल प्रकाश शोषून घेतं आणि त्याचं रासायनिक ऊर्जेत रूपांतर होतं" एवढ्या एका वाक्यात सगळं उरकलंय, पण शोषून घेतं म्हणजे नेमकं काय होतं ते कुणी सांगत नाही. त्यातच तीन उपप्रश्न आहेत, हिरवा प्रकाश खरंच वाया जातो का, जास्त ऊन म्हणजे जास्त प्रकाशसंश्लेषण असेल तर बागेत भर दुपारी पानं का मंदावतात, आणि रोपांसाठी ते जांभळे एलईडी घ्यावेत का. पानाला क्लिप लावून त्यातून किती प्रकाश कामाला लागतोय आणि किती परत बाहेर पडतोय हे मोजणं, हेच माझं बरीच वर्षं काम आहे, त्यामुळे मापनातून जे दिसतं त्याच बाजूने सांगते.

आधी थोडक्यात उत्तर. प्रकाश पकडणं हा भाग झाडाला अवघड नाहीच, ते काम पान जवळजवळ पूर्ण करतं. खरी कसोटी त्यानंतरच्या एका नॅनोसेकंदात आहे, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात. पकडलेली एनर्जी तेवढ्यात योग्य जागी पोचली तर साखर होते, नाही पोचली तर ती उष्णता होऊन जाते, लाल उजेड होऊन जाते, किंवा पानालाच जाळते. शेतात आपण जे काही करतो, छाटणी, पाणी, अन्नद्रव्यं, अगदी तणनाशकसुद्धा, त्याचा या नॅनोसेकंदाशी आणि त्याच्या पुढच्या काही मिलिसेकंदांशी थेट संबंध आहे, आणि तो कळला की पुस्तकातलं ते एक वाक्य आपोआप उलगडतं.

हिरव्या प्रकाशापासून सुरू करू कारण तो गैरसमज फार खोल रुजलाय. शाळेपासून आपल्याला सांगतात की पान हिरवं दिसतं कारण ते हिरवा प्रकाश परत फेकतं, आणि त्यावरून मुलं समजतात की हिरवा प्रकाश झाडाच्या काही कामाचा नाही. क्लोरोफिल काढून परीक्षानळीत घेतलं आणि त्याचा आलेख काढला तर ४३० नॅनोमीटरच्या आसपास निळ्यात एक शिखर, ६६० च्या आसपास लालमध्ये दुसरं, मध्ये हिरव्यात खोल दरी, हे बरोबरच आहे. पण पान म्हणजे परीक्षानळी नाही. पानात पेशींचे थर आहेत, हवेच्या पोकळ्या आहेत, प्रकाश त्यात इकडून तिकडे आपटत फिरतो आणि प्रत्येक फेरीला त्याची क्लोरोफिलशी गाठ पडायची शक्यता वाढते, त्यामुळे चांगल्या जाड पानात हिरव्या प्रकाशाचाही मोठा भाग शोषलाच जातो. ४०० ते ७०० नॅनोमीटर हा जो प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पट्टा, त्यातला साधारण ८५ टक्के प्रकाश निरोगी पान शोषतं. उरलेल्यात हिरव्याचा वाटा जास्त, म्हणून आपल्या डोळ्याला पान हिरवं दिसतं, एवढंच. उलट निळा आणि लाल प्रकाश वरच्या थरातच संपतो आणि हिरवा खालच्या हरितलवकांपर्यंत (क्लोरोफिल असलेल्या, पेशींतल्या हिरव्या कणांपर्यंत) पोचतो, म्हणून कडक उन्हात जेव्हा वरचे थर आधीच भरलेले असतात तेव्हा जादाचा हिरवा फोटॉन (फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण) जादाच्या लाल फोटॉनपेक्षा जास्त कामाचा ठरू शकतो. जपानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये हे सूर्यफुलाच्या पानांवर मोजून दाखवलंय.

आता शोषणं म्हणजे काय ते. क्लोरोफिलचं एक सपाट कडं असतं, मध्ये मॅग्नेशियमचा अणू आणि मागे लांब शेपटी. कड्यावर इलेक्ट्रॉन पसरलेले असतात. योग्य एनर्जीचा फोटॉन आला की तो फोटॉन नाहीसा होतो आणि त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, म्हणजे अख्खा रेणू उत्तेजित होतो. बस, "पकडणं" म्हणतात ते एवढंच. निळ्या फोटॉनमध्ये लालपेक्षा जास्त एनर्जी असते, ४५० नॅनोमीटरचा निळा म्हणजे सुमारे २.७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि ६८० चा लाल म्हणजे सुमारे १.८२, पण झाडाला त्या जादा एनर्जीचा काही फायदा मिळत नाही, कारण निळ्याने उडवलेला इलेक्ट्रॉन एका पिकोसेकंदाच्याही आत घसरत खाली लालच्याच पातळीला येतो आणि मधला फरक उष्णता होऊन जातो. (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग.) म्हणून प्रकाशसंश्लेषणात हिशोब एनर्जीचा नाही, फोटॉनच्या संख्येचा ठेवतात, निळा एक आणि लाल एक दोन्ही एकच. तुम्ही कधी क्वांटम सेन्सर (फोटॉन मोजणारं यंत्र) वापरलात तर त्यावर मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असं एकक दिसेल ते याचसाठी. आपल्याकडे निरभ्र दुपारी ते २००० च्या आसपास जातं.

उत्तेजित झालेलं क्लोरोफिल तसंच राहू शकत नाही. मोकळ्या द्रावणात ते पाच-सहा नॅनोसेकंदांत शांत होतं, आणि शांत होताना बराच भाग लाल प्रकाश म्हणून परत टाकतं. हे घरी बघता येतं आणि प्रत्येक विद्यार्थ्याने बघावंच असं मला वाटतं. पालकाची मूठभर पानं खलबत्त्यात थोड्या सर्जिकल स्पिरिटबरोबर वाटा, गाळा (जवळपास गॅस किंवा ज्योत नको), आणि तो हिरवागार अर्क काचेच्या छोट्या बाटलीत भरून अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चने बघा. हिरवा अर्क रक्तासारखा लालभडक चमकतो. आता तीच टॉर्च पालकाच्या अख्ख्या पानावर मारा, जवळजवळ काही दिसत नाही. क्लोरोफिल तेच, टॉर्च तीच, मग लाल उजेड गेला कुठे? तर पानात ती एनर्जी उजेड व्हायच्या आधीच दुसरीकडे गेली. निरोगी पान शोषलेल्या प्रकाशातला फक्त एक-दोन टक्के भाग असा परत टाकतं. तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर या फरकात आहे.

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते सांगणारा पहिला मोठा प्रयोग १९३२ चा. रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम अरनॉल्ड यांनी क्लोरेला या एकपेशीय शेवाळावर अगदी क्षणिक पण प्रखर फ्लॅश मारले, इतके प्रखर की प्रत्येक क्लोरोफिलला फोटॉन मिळालाच पाहिजे, आणि एका फ्लॅशमागे किती ऑक्सिजन निघतो ते मोजलं. अपेक्षा अशी की प्रत्येक क्लोरोफिल आपापलं काम करेल. निघालं असं की सुमारे २५०० क्लोरोफिलमागे ऑक्सिजनचा एक रेणू. एका ऑक्सिजनला कमीत कमी आठ फोटॉन लागतात हे आज आपल्याला माहीत आहे, म्हणजे भागाकार केला तर साधारण ३०० क्लोरोफिल मिळून एक काम करतात. त्या काळात हे पचायला लोकांना जड गेलं. बाकीची २९९ काय करतात मग? ती फक्त पकडतात आणि पुढे देतात, रसायन करत नाहीत. रसायन करणारी एकच जागा, तिला रिॲक्शन सेंटर म्हणतात, आणि भोवतालच्या पकडणाऱ्या जमावाला अँटेना.

हा जमाव अस्ताव्यस्त नसतो. हरितलवकाच्या आत थायलाकॉइड नावाच्या पातळ पडद्यांमध्ये प्रोटीन बसलेली असतात आणि त्या प्रोटीनांनी क्लोरोफिलना ठरावीक अंतरावर, ठरावीक कोनात धरून ठेवलेलं असतं. सगळ्यात मुबलक असलेल्या अँटेना प्रोटीनची नेमकी रचना २००४ मध्ये पालकाच्या पानावरूनच काढली गेली, त्यात एका प्रोटीनमध्ये १४ क्लोरोफिल (आठ ए प्रकारची, सहा बी प्रकारची) आणि चार कॅरोटिनॉइड (पिवळी-केशरी रंगद्रव्यं), आणि अशी तीन प्रोटीन एकत्र जोडलेली. शेजारच्या दोन क्लोरोफिलमध्ये अंतर साधारण एक नॅनोमीटर. एवढ्या जवळ असल्यावर उत्तेजित रेणूची एनर्जी उजेड न होताच शेजाऱ्याकडे जाते. घराचा स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात वर देतात, कुणीही जागा सोडत नाही तरी माल वर पोचतो, तसंच इथे, फक्त इथे हातात घमेलंही नाही, इलेक्ट्रॉन आपल्याच रेणूत राहतो आणि पुढे जाते ती निव्वळ उत्तेजना. क्लोरोफिल बी थोड्या जास्त एनर्जीचं, ए थोड्या कमी, त्यामुळे बी-कडून ए-कडे जाणं सोपं आणि उलट जाणं अवघड. अशा उड्या मारत शे-दोनशे, फार तर काहीशे पिकोसेकंदांत ती सेंटरला पोचते. द्रावणातली पाच-सहा नॅनोसेकंदांची मुदत आठवा, त्याच्या कितीतरी आधी काम आटोपलेलं असतं. म्हणून पान चमकत नाही.

इथे एक सांगून टाकते कारण व्हॉट्सॲपवर फिरत असतं की झाडं क्वांटम कॉम्प्युटर आहेत. त्याचं मूळ २००७ च्या एका कामात आहे, ते काम हिरव्या झाडावर नव्हतं, गंधक वापरणाऱ्या एका जिवाणूच्या अँटेनावर होतं आणि तेही उणे १९६ अंश सेल्सिअसला. त्यात जी लय दिसली ती पुढच्या बारकाईच्या मोजमापांत मुख्यतः रेणूंच्या कंपनांची निघाली. एनर्जीच्या उड्या समजायला क्वांटम सिद्धांत लागतोच, पण झाड एकाच वेळी सगळे रस्ते तपासून सगळ्यात जवळचा निवडतं वगैरे जे लिहितात त्याला आज आधार नाही.

सेंटरला पोचल्यावर जे होतं तो मात्र या सगळ्या विषयातला मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग आहे. आतापर्यंत फक्त उत्तेजना फिरत होती, आता पहिल्यांदा इलेक्ट्रॉन खरोखर एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारतो. रिॲक्शन सेंटर आणि त्याची अँटेना मिळून जे यंत्र होतं त्याला फोटोसिस्टिम म्हणतात, आणि पानात ती दोन प्रकारची असतात. फोटोसिस्टिम दोनमध्ये पी६८० नावाचा क्लोरोफिलचा गट आपला इलेक्ट्रॉन काही पिकोसेकंदांत शेजारच्या फिओफायटिनला देतो (फिओफायटिन म्हणजे मॅग्नेशियम नसलेलं क्लोरोफिल), आणि तिथून तो काहीशे पिकोसेकंदांत पुढच्या क्विनोनवर (इलेक्ट्रॉन पुढे नेणारा एक छोटा रेणू) जातो. ही घाई का, तर इलेक्ट्रॉन मागे परतू नये म्हणून. एकदा दोघांमध्ये पुरेसं अंतर पडलं की प्रकाश खऱ्या अर्थाने पकडला गेला, आता ती रासायनिक एनर्जी झाली.

इलेक्ट्रॉन गमावलेलं पी६८० इतकं भुकेलं होतं की जीवसृष्टीत त्याच्याइतका जोरदार इलेक्ट्रॉन खेचणारा रेणू दुसरा नाही, सुमारे १.२ व्होल्ट. एवढा जोर असल्याशिवाय पाण्यातून इलेक्ट्रॉन काढताच येत नाही. हे काम चार मँगेनीज आणि एक कॅल्शियम यांचा एक छोटासा पुंजका करतो. तो एकेका फोटॉनमागे एकेक इलेक्ट्रॉन देत जातो आणि चार झाले की दोन पाण्याचे रेणू फोडून ऑक्सिजनचा एक रेणू सोडतो. १९६९ मध्ये फ्रान्समध्ये पिएर जोलिओ यांनी अंधारात ठेवलेल्या नमुन्यांवर एकेक फ्लॅश मारून बघितलं तर ऑक्सिजन सगळ्यात जास्त तिसऱ्या फ्लॅशला आणि मग दर चौथ्याला, आणि पुढच्याच वर्षी बेसल कॉक यांनी त्या चारच्या लयीचा अर्थ लावला. त्या पुंजक्यातला अणू न् अणू कुठे आहे ते जपानी टीमने २०११ मध्ये १.९ अँगस्ट्रॉमच्या (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) बारकाईने दाखवलं. आपण आत्ता श्वासात घेतोय तो जवळपास सगळा ऑक्सिजन या पुंजक्यातून आलेला आहे.

फोटोसिस्टिम दोन आहेत हे कसं कळलं तेही ऐका, कारण परीक्षेत झेड स्कीम, म्हणजे दोन फोटोसिस्टिममधून जाणारा इलेक्ट्रॉनचा रस्ता, पाठ करताना हे कुणी सांगत नाही. इमर्सन यांना १९४३ मध्ये दिसलं की ६८० नॅनोमीटरच्या पलीकडच्या गडद लाल प्रकाशात क्लोरोफिल प्रकाश शोषत असूनही ऑक्सिजन धडाधड कमी होतो. मग १९५७ मध्ये त्यांनी त्याच गडद लालसोबत थोड्या आखूड तरंगलांबीचा प्रकाश दिला तर दोघांचा एकत्र परिणाम वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त आला. म्हणजे दोन वेगळी इंजिनं एकामागोमाग जोडलेली असणार. त्याच सुमारास अलाहाबादहून गोविंदजी हे तरुण संशोधक इलिनॉयला इमर्सन यांच्याकडे पीएचडीला गेले होते. १९५९ मध्ये इमर्सन विमान अपघातात गेले, तरी गोविंदजींनी ते काम पुढे नेलं, आणि पुढे क्लोरोफिलच्या त्या लाल चमकेवरून पानाच्या आतलं वाचणं या विषयात त्यांचं नाव जगभर झालं. आपल्या मुंबईतही रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आर. एच. दस्तूर यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत प्रकाशाचा रंग, पानातलं पाणी आणि प्रकाशसंश्लेषण यांवर प्रयोग केले होते, हे आपल्या मुलांना शिकवायला हवं.

बाकी साखळी पटकन सांगते. क्विनोनवरून इलेक्ट्रॉन सायटोक्रोम, तिथून प्लास्टोसायनिन (दोन्ही इलेक्ट्रॉन पुढे नेणारी प्रोटीन), मग फोटोसिस्टिम एक, तिथे दुसऱ्या फोटॉनने परत धक्का, शेवटी एनएडीपीएच. वाटेत पडद्याच्या आत हायड्रोजन आयन साठतात, त्यांच्या दाबावर एटीपी बनतं. एनएडीपीएच आणि एटीपी हे एनर्जी साठवून नेणारे रेणू, हे दोन घेऊन कार्बन डायऑक्साइडची साखर होते. हे तुमच्या पुस्तकात व्यवस्थित आहे.

पुस्तकात नसतं ते म्हणजे वेगांचा मेळ. पकडणं पिकोसेकंदांत होतं आणि क्विनोनवरून सायटोक्रोमकडे जाणं मिलिसेकंदांत, म्हणजे कोट्यवधी पटीने हळू. आता साधा हिशोब करा. चांगल्या पानाच्या एका चौरस मीटरमध्ये ४०० ते ५०० मायक्रोमोल क्लोरोफिल असतं, भर उन्हात दर सेकंदाला १७०० मायक्रोमोल फोटॉन शोषले जातात, म्हणजे एका क्लोरोफिलला सेकंदाला सरासरी तीन-चार फोटॉन, वरच्या थरातल्याला दहाच्या आसपास. एका सेंटरमागे अडीचशे-तीनशे क्लोरोफिल, म्हणजे प्रत्येक सेंटरवर सेकंदाला हजाराच्या आसपास उत्तेजना येऊन आदळतात, आणि द्राक्षासारख्या पिकात पुढची साखळी सेकंदाला दीडशे-दोनशेच इलेक्ट्रॉन पचवू शकते. बाकीच्यांचं काय करायचं? ऊन तर थांबवता येत नाही.

हा प्रश्न किती गंभीर आहे ते बघायला प्रयोगशाळा नको, तणनाशक मारलेलं शेत बघा. उसात-मक्यात ॲट्राझिन मारतात, सोयाबीन आणि उसात मेट्रिब्युझिन. ही रसायनं फोटोसिस्टिम दोनच्या दुसऱ्या क्विनोनची जागा अडवून बसतात, इलेक्ट्रॉनचा रस्ता बंद. लोकांना वाटतं तण उपाशी मरतं. पण उपासाने मरायला वेळ लागतो, तण त्याआधीच करपतं, कारण पकडलेल्या एनर्जीला जायला वाट नाही, क्लोरोफिल जास्त वेळ उत्तेजित राहतं, त्याची एक टिकाऊ अवस्था तयार होते आणि ती ऑक्सिजनला इतकं आक्रमक करते की पडदेच फुटतात. तण स्वतः पकडलेल्या उन्हाने मरतं. ऊस आणि मका ॲट्राझिन निकामी करतात म्हणून वाचतात. पॅराक्वाट वेगळ्या ठिकाणी, फोटोसिस्टिम एकमधून इलेक्ट्रॉन चोरून ऑक्सिजनला देतं, म्हणून तेही कडक उन्हात झपाट्याने काम करतं. (पॅराक्वाट अत्यंत विषारी आहे, पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, घरात ठेवू नका.) आणि मक्यात टेम्बोट्रायोन किंवा टोप्रामेझोन मारल्यावर तण पांढरंफेक होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. या औषधाने कॅरोटिनॉइड बनणं थांबतं, आणि कॅरोटिनॉइडचं संरक्षण गेलं की उन्हात नवं क्लोरोफिल स्वतःच जळून जातं. पिवळ्या-केशरी रंगद्रव्यांना पुस्तकात "सहाय्यक" म्हणतात, मला हा शब्द त्यांच्यावर अन्याय करणारा वाटतो, ती नसतील तर हिरवं पान एक दिवस उन्हात टिकणार नाही.

मग निरोगी झाड काय करतं? ते जादा एनर्जी मुद्दाम उष्णता करून टाकतं. पडद्याच्या आत हायड्रोजन आयन फार साठले, आम्लता वाढली, की पानाला कळतं की पुढे तुंबलंय. त्या आम्लतेने एक एन्झाइम जागं होतं, ते व्हायोलाझँथिन या कॅरोटिनॉइडचं झियाझँथिन करतं, सोबत पीएसबीएस नावाचं प्रोटीन अँटेनाची मांडणी बदलतं, आणि काही मिनिटांत तीच अँटेना एनर्जी पुढे द्यायच्या ऐवजी निरुपद्रवी उष्णता करून टाकायला लागते. संध्याकाळी सगळं परत उलटं. त्याशिवाय हरितलवकं कडक उन्हात पेशीच्या बाजूच्या भिंतींना सरकून कड उन्हाकडे करतात. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते तिथेही, यंत्रणा पूर्ण तयार होईपर्यंत तो लाल रंग जादा ऊन अडवतो असं मानलं जातं. आणि इतकं करूनही सेंटरमधलं डी१ प्रोटीन सतत तुटत राहतं, झाड ते दिवसभर काढून नवं बसवत असतं.

या संरक्षणाची किंमतही आहे. ढग आला, वरचं पान हललं, सावली पडली, तरी एनर्जी टाकून देणारी यंत्रणा लगेच बंद होत नाही, मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ कामाचा प्रकाशही वाया जातो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका टीमने तंबाखूत ही यंत्रणा पटकन सैल होईल असा बदल केला तर शेतात वाढ सुमारे १५ टक्क्यांनी जास्त आली. म्हणजे अडचण प्रकाश कमी पकडण्याची नव्हतीच.

आता तुमच्या बागेत या. एप्रिल-मेमध्ये दुपारी हवा कोरडी आणि तापलेली, वेल पाणी वाचवायला पर्णरंध्रं आवळते, कार्बन डायऑक्साइड आत येणं कमी होतं, साखर बनवणं मंदावतं, आणि मागे सगळी साखळी तुंबते. पान शोषणं थांबवत नाही, ते त्याच्या हातातच नाही, ते फक्त जास्त उष्णता करून टाकतं. सकाळी पान अर्धा तास अंधारात क्लिपमध्ये ठेवून मोजलं तर निरोगी पानाचा आकडा ०.८३ च्या आसपास येतो, म्हणजे पोचलेल्या शंभर उत्तेजनांपैकी ८३ कामाला लागू शकतात. दुपारी उन्हातून आलेल्या पानाचा तसाच मोजला तर तो खाली येतो, आणि संध्याकाळनंतर परत चढला तर काळजीचं कारण नाही, ते संरक्षण होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेही ०.७ च्या आसपासच राहिला तर मात्र नुकसान झालंय, मुळाशी पाणी, क्षार, काहीतरी बघायला हवं.

द्राक्षाचं पान साधारण एक-तृतीयांश ते अर्ध्या उन्हातच भरतं, त्यापुढचं ऊन त्याला फार कामाचं नाही. ऊस सी४ आहे, त्याच्याकडे कार्बन डायऑक्साइड दाटवून ठेवायची यंत्रणा आहे म्हणून तो पूर्ण उन्हातही वाढत राहतो, दोघांची तुलना करू नका. पण द्राक्षात याचा खरा फायदा असा की वरच्या पानाला नको असलेलं ऊन खालच्याला देता येतं. एक पान आपल्यातून पाच-सहा टक्केच प्रकाश खाली जाऊ देतं, दुसऱ्याच्या खाली म्हणाल तर एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे तिसऱ्या थरातलं पान भर दुपारी जवळपास अंधारात आहे आणि वेलीवर ओझं आहे. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली, नवी काडी वाढवायची छाटणी) दाट फुटी विरळ करा, बगलफुटी काढा, सबकेन (शेंडा मारून उपकाडी घेणं) वेळेवर करा असं जे अनुभवी बागायतदार सांगतात त्याचं कारण हेच, आणि त्या काळात काडीवरच्या डोळ्यावर (म्हणजे कळीवर) प्रकाश पडला तरच सूक्ष्म घडनिर्मिती, म्हणजे त्या डोळ्याच्या आत पुढचे घड तयार होणं, नीट होते. मात्र गोडी छाटणीनंतर (पावसाळ्यानंतरची, फळासाठीची छाटणी) उलट टोकाला जाऊन घड उघडे पाडू नका, मण्यांना सनबर्न होतो, कारण पानाकडे आहे तेवढी जादा ऊन टाकून द्यायची सोय मण्याकडे नाही.

हिरवं शेडनेट लावल्याने प्रकाशसंश्लेषण वाढतं हे खरं नाही. पन्नास टक्क्यांचं नेट निम्मा प्रकाश काढून घेतं. फायदा होतो तो पान थंड राहतं, पर्णरंध्रं उघडी राहतात आणि पाणी कमी उडतं म्हणून, आणि उन्हाळ्यात रोपवाटिकेत तो फायदा मोठा असतो. पावसाळी ढगाळ महिन्यांत तेच नेट तसंच ठेवलं तर रोपं लांबट आणि लुसलुशीत होतात, तेव्हा काढा.

अन्नद्रव्यांचं एकच सांगते. पान पिवळं पडलं की सगळे आधी मॅग्नेशियम म्हणतात, कारण ते क्लोरोफिलच्या मध्यात बसलंय हे पाठ असतं. पण मॅग्नेशियमची कमतरता जुन्या पानांवर, शिरांच्या मधल्या भागात दिसते. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी-पांढरी होतात, उसात ज्याला केवडा म्हणतात, ते बहुतेक वेळा लोह असतं. लोह क्लोरोफिलमध्ये नसतं, पण ते बनवायला लागतं, आणि एकट्या फोटोसिस्टिम एकमध्ये लोहाचे बारा अणू असतात, त्यामुळे लोह कमी पडलं की पकडणारंही कमी आणि पुढे नेणारंही कमी. अशा पानावर फेरस सल्फेटची फवारणी तीव्र उन्हात करू नका, सकाळी किंवा संध्याकाळी करा.

जांभळ्या दिव्यांचं. लाल आणि निळे एलईडी विजेच्या हिशोबात परवडतात म्हणून वापरतात, हिरवा वाया जातो म्हणून नव्हे. रोपांसाठी घ्यायचेच असतील तर पांढरे एलईडी घ्या, झाड चांगलं वाढतं आणि त्या उजेडात रोग-कीड डोळ्याला दिसते, जांभळ्यात पान काळपट दिसतं आणि करपा लक्षातच येत नाही. आणि घेताना वॅट नाही, फोटॉनचा आकडा विचारा. अभ्यासाच्या टेबलावरचा चांगला उजेड, ५०० लक्स, म्हणजे जेमतेम ७ ते १० मायक्रोमोल, आणि मिरची-टोमॅटोच्या रोपाला दिवसाचे बारा-चौदा तास शंभर-दोनशे तरी लागतात. तुमच्या बागेशेजारी मोकळी जागा आहे, ऊन भरपूर आहे, तेव्हा दिव्यांवर पैसे घालण्याआधी एक क्वांटम सेन्सर कॉलेजमधून मागून आणा आणि वेलीच्या वर, पहिल्या पानाखाली आणि घडाच्या उंचीला दिवसात तीनदा मोजून बघा.